एसी बंद करण्यामागचे गणित : छोट्या गाडीचे वजन, अश्वशक्ती आणि इंजिन-बदल

साताऱ्याकडे जाताना महामार्गाचा बोगदा सोडून कात्रजच्या जुन्या घाटाने वर चढायचे ठरले, की छोट्या गाडीत बसलेल्या कुटुंबात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता जरा एसी बंद कर.’ काचा खाली येतात, मागे बसलेली मंडळी रुमाल काढतात आणि गाडी मोकळा श्वास घेतल्यासारखी वर चढू लागते. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर मांडलेले नसते, तरी त्या क्षणी तो नेमके तेच गणित सोडवत असतो. या लेखात ते गणित कागदावर मांडायचे आहे, आणि मग ‘गाडीला पिकअप नाही, मोठे इंजिन बसवू या’ या लोकप्रिय उपायाची त्याच गणिताने तपासणी करायची आहे.

निमित्त घरातलेच आहे. माझ्या वडिलांची २००३ सालची मारुती ८०० आता माझा पुतण्या चालवतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याला सगळ्या गोष्टी उघडून पाहाव्याशा वाटतात, आणि त्यात गैर काही नाही. ‘काका, हिच्यात वॅगन-आरचं अकराशेचं इंजिन सहज बसतं, फाउंडेशन थोडी बदलावी लागतात एवढंच,’ असे तो एका रविवारी म्हणाला. जुन्या बाजारात कोणाकडे तरी ते इंजिन आहे, अशी बातमीही त्याच्याकडे होती. (फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ते आधार.) ‘एवढंच’ हा शब्द ऐकला, की माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात.

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द सगळे वापरतात आणि त्याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. सिमेंटचे दीड पोते दर सेकंदाला एक मीटर वर सरकत आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. ही व्याख्या घाटासाठी फार सोयीची आहे, कारण घाट चढणे म्हणजे मुख्यतः ओझे वर उचलणेच असते. रस्ता वळसे घेत जातो म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही, एवढेच.

आता ८०० चा हिशेब मांडू. गाडीचे स्वतःचे वजन साधारण साडेसहाशे किलो आणि आत चार माणसे, म्हणजे सुमारे २६० किलो. सोयीसाठी एकूण नऊशे किलो धरू. चढण एकास बारा आहे, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जावे लागते, आणि वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर आहे, असे समजू. याचा अर्थ गाडी दर सेकंदाला एक मीटरहून किंचित जास्त वर उचलली जात आहे. नऊशे किलो गुणिले १.०४ मीटर भागिले ७५ केले, की उत्तर साडेबारा अश्वशक्ती येते, आणि ती निव्वळ उचलण्याची आहे. टायर रस्त्यावर घरंगळताना जो विरोध होतो तो वजनाच्या एक-सव्वा टक्का असतो. त्यासाठी आणखी पावणेदोन अश्वशक्ती लागते. एवढ्या कमी वेगाला हवेचा विरोध किरकोळ असतो, म्हणून त्याची एक धरली तरी पुरे. बेरीज सव्वापंधरा होते. गिअरबॉक्स आणि शाफ्टमधून चाकापर्यंत पोहोचेतो दहा-बारा टक्के गळती होते, म्हणून इंजिनाने प्रत्यक्षात साडेसतराच्या आसपास अश्वशक्ती द्यायला हवी.

ही गाडी तर ३७ अश्वशक्तीची आहे. मग घाटात ती दम का टाकते?

कारण ३७ हा आकडा मिनिटाला ५,००० फेऱ्यांवरचा आहे, आणि घाटात इंजिन एवढे ओरडेपर्यंत ताणण्याची आपल्याला सवय नसते. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. टॉर्क हा इंजिनाचा पीळ. दांड्याला किती जोराने पिळले जाते, त्याचे ते माप आहे. ८०० चा सर्वाधिक टॉर्क ५९ न्यूटन-मीटर असतो आणि तो २,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,६०० फेऱ्यांवर असेल, तर त्या क्षणी त्याच्याकडे जेमतेम २२ अश्वशक्ती असते. चालकाने आळसाने चौथ्या गिअरमध्येच ठेवले आणि फेऱ्या १,८०० पर्यंत उतरल्या, तर ती चौदाच्या आसपास येते, म्हणजे लागणाऱ्या साडेसतरापेक्षाही कमी. अशा वेळी पाय दाबून काही उपयोग होत नाही. गाडी हळूहळू वेग गमावते, ठोके देऊ लागते आणि मग गिअर खाली टाकावाच लागतो.

यात पुण्याची स्वतःची एक वजाबाकी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि या उंचीवर हवा मुंबईच्या मानाने साधारण पाच टक्के विरळ असते. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नसलेले पेट्रोल इंजिन जेवढी हवा आत ओढेल तेवढेच पेट्रोल जाळू शकते, त्यामुळे बावीसचे एकवीस होतात. सिंहगडाच्या माथ्याजवळ, सुमारे १,३०० मीटरवर, ही तूट बारा टक्क्यांपर्यंत पोहोचते. खाली डोणज्याला बरी वाटणारी गाडी वरच्या वळणांवर थकल्यासारखी का वाटते, याचे एक कारण हे आहे. त्यात एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती खातो. एकवीसमधून साडेतीन गेल्यावर साडेसतरा उरतात, आणि गरजही साडेसतराचीच होती. गाडी वेग वाढवत नाही, सोडतही नाही, नुसती लटकून राहते. ‘एसी बंद कर’ म्हणणाऱ्याने हीच साडेतीन अश्वशक्ती परत मागितलेली असते.

आता शक्ती-वजन गुणोत्तराकडे येऊ. गाडीच्या अश्वशक्तीला तिच्या टनांतल्या वजनाने भागले, की दर टनामागे किती शक्ती आहे ते कळते. रिकाम्या ८०० साठी हा आकडा ५७ येतो. चार माणसे बसल्यावर तो ४१ होतो. छोट्या गाडीचे खरे दुखणे या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ही दरी कधीच छापलेली नसते. तुलनेसाठी २००५ साली आलेली डिझेल इनोव्हा घेऊ : १०२ अश्वशक्ती आणि वजन सोळाशे किलोंच्या वर. रिकामी असताना तिचे गुणोत्तर बासष्टच्या आसपास आहे, म्हणजे कागदावर ८०० पेक्षा फार वेगळे नाही. पण तीच चार माणसे तिच्यात बसली, तर वजनात सोळा टक्क्यांचीच भर पडते. ८०० मध्ये ती चाळीस टक्क्यांची असते. शिवाय इनोव्हाचा २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क १,४०० फेऱ्यांपासूनच हाती येतो. दोन हजार फेऱ्यांवर ती आपल्या एकूण शक्तीपैकी निम्म्याहून जास्त शक्ती देत असते, तर ८०० त्याच फेऱ्यांवर निम्म्याच्याही खाली असते. भरलेल्या गाड्यांचा दोन हजार फेऱ्यांवरचा हिशेब केला, तर इनोव्हाकडे टनामागे सुमारे तीस अश्वशक्ती असतात आणि ८०० कडे अठरा. ‘गाडीत दम आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा, कमी फेऱ्यांवरचा आकडा आपल्या पाठीला जाणवलेला असतो.

सपाट रस्त्यावरही वजन आपला वाटा मागतेच. सिग्नल सुटल्यापासून ताशी ६० चा वेग गाठायला गाडीत जी गतिज ऊर्जा भरावी लागते ती वजनाच्या प्रमाणात असते. चालकासह ७२० किलोच्या गाडीत सुमारे एक लाख ज्यूल भरावे लागतात. इंजिनाने सरासरी वीस अश्वशक्ती चाकापर्यंत पोहोचवली, तर त्याला सात सेकंद लागतात. चार माणसे असली, की साडेआठ. दीड सेकंदाचा हा फरक सिंहगड रस्त्यावर मागच्या रिक्षाचा भोंगा ऐकायला पुरेसा असतो.

गुणोत्तराचा हा अपूर्णांक मोठा करायचा तर अंश, म्हणजे अश्वशक्ती, वाढवता येतो किंवा छेद, म्हणजे वजन, कमी करता येतो. पुतण्याच्या डोक्यात अंश होता. मी म्हटले, आधी छेद किती आहे ते तरी बघू.

त्याच आठवड्यात मार्केट यार्डाजवळच्या एका वजनकाट्यावर आम्ही गाडी नेली. कांद्याच्या दोन ट्रकांमध्ये ही एवढीशी गाडी उभी राहिलेली पाहून काट्यावरचा माणूस हसला, पण पावती त्याने रीतसर फाडून दिली. आत कोणी नसताना ७२० किलो. म्हणजे सत्तर किलो जास्त, जणू एक पाचवा माणूस कायमचा गाडीत बसलेला. तो शोधायला फार वेळ लागला नाही. पुढे लोखंडी बुलगार्ड होता, टपावर कॅरिअर होते, डिकीत प्लायवुडच्या खोक्यातला बूफर आणि त्याचा ॲम्प्लिफायर होता, स्टेपनीखाली वडिलांच्या काळापासून साठलेली हत्यारे आणि एक जुनी बॅटरी होती. बुलगार्डबद्दल एवढेच म्हणतो की तो वजन वाढवतो, धडक बसली तर तिचा मार सरळ सांगाड्यात पोहोचवतो, आणि तो बसवायला कायद्याने परवानगीही नाही. तीन दोषांची ही वस्तू लोक पैसे देऊन का बसवतात, हे मला कधीही समजलेले नाही.

वजन तपासल्यावर दुसरी तपासणी फुकटची होती. सपाट जमिनीवर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून एकट्याने ढकलायची. साडेसहाशे-सातशे किलोच्या गाडीला घरंगळत ठेवायला आठ-नऊ किलोंचा जोर पुरतो, म्हणजे एका माणसाने ती आरामात ढकलली पाहिजे. आमची गाडी दोघांना मिळूनही जड जात होती. मग थोडे फिरवून आणून मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला, तर डाव्या ड्रमची धग लांबूनच लागत होती. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक अर्धवट लागलेलाच राहत होता. किती महिने ते चालले होते, देव जाणे. सदतीस अश्वशक्तीच्या गाडीत दोन-तीन अश्वशक्ती अशा रीतीने नुसत्या उष्णतेत जात असतील, तर पिकअप कुठून येणार?

मिस्त्रींनी मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, गेजवर पाहिले. तीन सिलिंडरपैकी दोन ठीक होते, तिसरा बराच खाली होता. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहिले तर आकडा उचलला गेला. तेल पिस्टनच्या रिंगांभोवतीच्या फटी तात्पुरत्या बुजवते, त्यामुळे अशा वेळी दोष रिंगांचा समजायचा. आकडा हलला नसता तर व्हॉल्व्हकडे बघायचे. ही साधी परीक्षा करून न घेता इंजिन बदलायला निघालेली बरीच मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या मूळ इंजिनात कंपनीने दिलेल्या अश्वशक्तीपैकी किती शिल्लक आहे, हेच त्यांना ठाऊक नसते, आणि मग दुसऱ्या गाडीतून काढलेल्या, तितक्याच चाललेल्या इंजिनावर ते पैसे लावतात.

तरीही पुतण्याच्या प्रस्तावाला त्याच्याच मैदानावर उत्तर द्यायला हवे होते, कारण त्याची कल्पना तांत्रिकदृष्ट्या हास्यास्पद नव्हती. १९८६ साली आपल्याकडे जी नव्या आकाराची ८०० आली, ती जपानमधल्या सुझुकी आल्टोच्या दुसऱ्या पिढीचीच बहीण. त्याच सांगाड्यावर सुझुकीने १९८७ साली ‘आल्टो वर्क्स’ नावाची गाडी काढली. तिचे इंजिन आपल्या ७९६ सीसीपेक्षा लहान, ५४३ सीसीचे होते, पण त्याला टर्बो जोडलेला होता आणि ते ६४ अश्वशक्ती देत असे. टनामागे शंभरच्या आसपास! पुढे जपानी उत्पादकांनी आपापसांत ६४ हीच छोट्या गाड्यांची कमाल शक्ती मानली आणि ती मर्यादा आजवर पाळली. आपल्या दारातली साधीसुधी गाडी आणि ही उनाड गाडी एकाच वाफ्यातल्या आहेत, हे पुतण्याला सांगितल्यावर अर्थातच त्याचा उत्साह दुप्पट झाला. माझी चूकच झाली म्हणायची.

त्याला हवे असलेले १,०६१ सीसीचे इंजिन सुमारे ६२ अश्वशक्तीचे आहे. चार माणसांसह गुणोत्तर ४१ वरून ६८ वर जाते. कागदावर ही जवळजवळ सत्तर टक्क्यांची उडी आहे. पण घाटात आपण कमाल शक्तीवर चालत नाही, हे वर पाहिलेच. त्या इंजिनाचा टॉर्क ८४ न्यूटन-मीटर आहे आणि तोही साडेतीन हजार फेऱ्यांना. म्हणजे नेहमीच्या चालीत हाती येणारी वाढ फार तर चाळीस टक्के. चाळीस टक्के काही थोडे नाहीत, हे मान्य. फक्त त्यांची किंमत इंजिनाच्या किमतीवर थांबत नाही, आणि ‘एवढंच’ या शब्दाचा समाचार इथे घ्यावा लागतो.

इंजिन बॉनेटखाली उतरवणे हे यातले सर्वांत सोपे काम. चेन-ब्लॉकने उचलले, फाउंडेशन वेल्डिंग करून सरकवली, की ते बसते. त्यानंतर गिअरबॉक्सचा प्रश्न येतो. जुना गिअरबॉक्स ठेवला तर त्याचे दाते, क्लच-प्लेट आणि ड्राइव्ह-शाफ्ट ५९ न्यूटन-मीटरच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यांच्यावर ८४ चा पीळ रोज पडू लागला, की आधी क्लच घसरतो आणि मग चाकाजवळचे जॉइंट कटकट करू लागतात. शिवाय जुने गिअर छोट्या इंजिनासाठी आखलेले असल्यामुळे मोठे इंजिन महामार्गावर विनाकारण जास्त फेऱ्या मारत राहते. नवा गिअरबॉक्स आणला तर शाफ्टची लांबी जुळवावी लागते, आणि दोन बाजूंच्या शाफ्टांची लांबी किंवा कोन विषम झाला तर जोरात पाय दाबताच स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते. मग रेडिएटर येतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, उष्णता म्हणून जाते. शक्ती वाढली की ही उष्णताही वाढते, आणि घाटात वेग कमी असल्यामुळे वाऱ्याची मदत नसते. जुन्या, एका पंख्याच्या रेडिएटरवर मोठे इंजिन घाटात टाकणे म्हणजे इंजिन तापवून त्याच्या डोक्याखालचे हेड गॅस्केट उडवायला आमंत्रण देणे आहे. मूळ गाडी कार्ब्युरेटरची असेल तर आणखी एक फेरा वाढतो. कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी थोड्या दाबाने चालते, इंजेक्शनच्या या मोठ्या इंजिनाला अडीच-तीन बार दाब लागतो. म्हणून टाकीत विजेचा पंप, जास्त दाब सोसणाऱ्या नळ्या, संगणक, सेन्सर आणि संपूर्ण वायरिंग बदलावे लागते. वायरिंगमध्ये चिकटपट्टीने केलेला एक जोड आणि त्याच्याजवळून गेलेली पेट्रोलची एक नळी, एवढ्यावर गाडी पेट घेऊ शकते.

मुख्य मुद्दा मात्र ब्रेकचा आहे आणि तो शेवटी आठवतो. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जी गाडी आजवर ऐंशीने धावत होती ती शंभराने धावू लागली, तर वेग पंचवीस टक्क्यांनीच वाढतो, पण ब्रेकने उष्णतेत बदलायची ऊर्जा छपन्न टक्क्यांनी वाढते. बारा इंची चाकात मावणारी छोटी डिस्क आणि मागचे छोटे ड्रम ती रिचवणार कशी? इंग्लंडमधल्या मिनीचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. १९५९ ची मूळ मिनी ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीची होती, आणि तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या प्रेरणेने १९६१ साली तिच्यात ९९७ सीसीचे ५५ अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा कारखान्याने त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. तिच्या थोरल्या भावंडाने, कूपर एसने, १९६४ ची माँटे कार्लो रॅली मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून जिंकली, त्याचे श्रेय लोक इंजिनाला देतात. ब्रेक आणि वळणावर जमिनीला धरून राहणारा हलका सांगाडा यांच्याविना ते इंजिन पहिल्याच बर्फाळ उतारावर दरीत गेले असते.

अंश न वाढवता काय करता येते, हे पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना खरे तर चांगले ठाऊक असते. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या, खडबडीत वाटेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संघाला एकाच प्रकारचे, दहा अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागत असे आणि त्याच्या पोटात हात घालायला मनाई होती. अंश सगळ्यांचा सारखा असल्यावर सारी लढत छेदात, गिअरमध्ये आणि चाकांत होते. रोल-केजच्या, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या, नळीची जाडी, एक ब्रॅकेट दोनऐवजी एकाच बोल्टवर राहील का, यावर ही मुले रात्र-रात्र भांडतात. पुतण्याही त्याच्या महाविद्यालयाच्या संघात आहे. वर्कशॉपमध्ये तो दोनशे ग्रॅमसाठी भांडतो आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत बूफर घेऊन फिरतो, हे मी त्याला सांगितले, तेव्हा प्रथमच तो काही बोलला नाही.

उलट्या दिशेचे उदाहरण रस्त्यावर रोज दिसते. सीएनजी घेतली की अंश घटतो आणि छेद वाढतो. आल्टो के-टेन पेट्रोलवर ६७ अश्वशक्ती देते आणि सीएनजीवर ५७, कारण वायू स्वतःच सिलिंडरमधली काही जागा अडवतो आणि तेवढी हवा कमी आत येते. वर टाकी आणि तिच्या चौकटीचे वजन चढते; लोखंडी टाकीच एकटी पन्नास-साठ किलोंची असते. चार माणसांसह गुणोत्तर ६६ वरून ५३ च्या आसपास उतरते. खर्च वाचतो म्हणून लोक हे जाणूनबुजून स्वीकारतात आणि त्यात चूक काही नाही. फक्त चाकणहून भीमाशंकरकडे निघताना, पाच माणसे भरून, सीएनजीवर आणि एसी लावून चढ चढता येत नाही म्हणून इंजिनाला दोष देऊ नये. बटण दाबून पेट्रोलवर यावे, ते त्यासाठीच दिलेले असते. टायर मोठे घालण्याचा प्रकारही असाच. बाहेरचा व्यास वाढला, की प्रत्येक गिअर थोडा वरचा होतो आणि चढावरचा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. दिसायला गाडी दणकट होते आणि ओढायला मऊ.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निकाल दिला. इंजिन खराब झाले म्हणून त्याच प्रकारचे दुसरे इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येते. जास्त क्षमतेचे, दुसऱ्या गाडीचे इंजिन हा वेगळा मामला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी गाडीच्या मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजीसारख्या इंधनबदलाला वाट आहे, पण ती मान्यता मिळालेल्या किटची. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्थांत अशा किटची चाचणी होते, आणि मग ते आरसीवर चढते. गॅरेजमध्ये वेल्डिंग केलेल्या फाउंडेशनला असली कोणतीही चाचणी नसते. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला, तर दावा तिथेच अडकू शकतो. भंगारातून आलेल्या इंजिनाचा मूळ मालक कोण, ते चोरीच्या गाडीतले तर नाही ना, हा प्रश्न निराळाच.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीला तर हे दर पाच वर्षांनी समोर येते, कारण पुनर्नोंदणीच्या वेळी चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो आणि इंजिन नंबरही पाहिला जातो. आमच्या गाडीचे हे दोनदा झाले आहे. तिसरी वेळ २०२८ मध्ये येईल.

रिंगा बदलण्यासाठी हाफ इंजिनचे काम काढले, हँडब्रेकची केबल नवी टाकली, एअर फिल्टर आणि प्लग बदलले. बुलगार्ड आणि कॅरिअर भंगारवाल्याने किलोवर नेले. बूफरवर आमची तडजोड झाली : खोके घरी राहील, दरवाज्यातले स्पीकर गाडीत राहतील. या सगळ्याला जुन्या बाजारातल्या त्या इंजिनाच्या सांगितलेल्या किमतीहून कमी पैसे लागले, आणि त्या किमतीत गिअरबॉक्स, वायरिंग आणि मजुरी धरलेलीच नव्हती. दुसऱ्यांदा काट्यावर गेलो तेव्हा पावतीवर ६६० किलो आले. त्यानंतरच्या रविवारी चौघे कात्रजच्या जुन्या घाटाने गेलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, फेऱ्या न पाडता, एका लयीत चढली. एसी चालू होता. शेवटच्या वळणाआधी पुढे उसाची ट्रॉली आली, दुसरा गिअर टाकावा लागला, आणि मागच्या सीटवरून माझी वहिनी सवयीने म्हणाली, ‘अरे, एसी बंद कर ना.’